हिरवा अकीक : आधी रंगाचा पत्ता विचारा

गोंदिया जिल्ह्यातील कामठा येथून चांदीच्या अंगठ्या घडवणारे एक बुजुर्ग कारागीर मध्यंतरी आमच्याकडे आले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. रुमालात बांधलेली कागदाची पुडी सोडून त्यांनी अठरा हिरवे खडे टेबलावर मांडले आणि म्हणाले, "भाई, हे काय आहे ते सांगा, आणि याचे काय येईल तेही सांगा."

हकिकत अशी की, एका व्यापाऱ्याकडे चाचांची ११,००० रुपये मजुरी अडकली होती. रोख देणे जमत नाही, त्याऐवजी हा माल घ्या, 'ऑस्ट्रेलियन जेड' आहे, असे सांगून व्यापाऱ्याने ही पुडी त्यांच्या हाती ठेवली. पुडीत तेव्हा एकोणीस नग होते आणि वर '१४० रत्ती' असे लिहिलेले होते. त्यातला एक नग चाचांनी अंगठीत बसवून गावातल्या एका शिक्षकांना ३,५०० रुपयांना दिलाही होता. नंतर कोणीतरी "हा तर रंगवलेला ओनेक्स" असे म्हणाले आणि चाचांची झोप उडाली. मजुरी बुडाली की नाही हा एक प्रश्न. शिक्षकांना आपल्या हातून खोटा माल गेला की काय, हा दुसरा. दुसऱ्याची बोच त्यांना अधिक होती.

हिरव्या खड्याबाबत असा घोटाळा अनेकांचा होतो. म्हणून त्या अठरा नगांची तपासणी आम्ही कशी केली, ते येथे सविस्तर देत आहोत. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी ज्यांच्याकडे सराफी तराजू आणि भिंग आहे, त्यांना यातले बरेचसे दुकानात बसल्या बसल्या करता येईल.

नावांचा गोंधळ

ज्याला आपण अकीक किंवा हकीक म्हणतो तो दगड शास्त्राच्या भाषेत कॅल्सेडोनी या कुळातला. कॅल्सेडोनी म्हणजे गारेचाच, क्वार्ट्झचाच एक प्रकार. मात्र त्याचे स्फटिक इतके बारीक असतात की ते डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. त्यामुळे दगड मेणासारखा मऊ चमकतो आणि काचेसारखा आरपार न दिसता धुकट पारदर्शी दिसतो. पट्टे असले की अकीक, लाल-नारिंगी असला की कार्नेलियन, हिरव्यावर लाल ठिपके असले की ब्लडस्टोन, निकेलमुळे सफरचंदी हिरवा झाला असेल तर क्रिसोप्रेज. सगळी भावंडे आहेत.

बाजारात मात्र नावे वेगळीच चालतात. 'ग्रीन ओनेक्स' म्हणून जो स्वच्छ, गडद हिरवा नग सर्वत्र मिळतो, तो जवळजवळ नेहमीच रंगवलेला कॅल्सेडोनी असतो. खरा ओनेक्स म्हणजे सरळ, समांतर पट्ट्यांचा दगड. हिरव्याशी त्याचा संबंध नाही. त्यातच 'ओनेक्स मार्बल' नावाचा तिसरा प्रकार आहे. पाकिस्तानातल्या बलुचिस्तानचे हिरवे फुलदाण, पेले, रक्षापात्रे २०२५ पर्यंत आखाती देशांतून आपल्याकडे येत असत. तो गार नसून चुनखडीच्या जातीचा दगड आहे. चाकूने सहज ओरखडतो, सौम्य आम्लाचा थेंब पडला की फसफसतो. अंगठीत बसवण्याच्या तो कामाचा नाही.

'ऑस्ट्रेलियन जेड' हे नाव क्रिसोप्रेजला देतात, कारण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात त्याच्या नावाजलेल्या खाणी आहेत. पण जेड हा दगड पूर्ण निराळा. हिरव्या अ‍ॅव्हेंचुरिनला 'इंडियन जेड' म्हणतात, तोही जेड नव्हे. पुढे एखाद्या गावाचे नाव लावलेले जेड कोणी दाखवले, तर ते जेड नाही असे धरूनच तपासणीला सुरुवात करावी, असे आमचे मत आहे.

हिरवेपणा येतो कुठून

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण नाव आणि भाव दोन्ही त्याच्या उत्तरावर ठरतात. शुद्ध कॅल्सेडोनी पांढरट, करडा किंवा निळसर असतो. त्याला हिरवे करणारी वस्तू नेहमीच बाहेरची असते. ती जमिनीच्या पोटात मिसळली की कारखान्यात, एवढेच पाहायचे.

आपल्या महाराष्ट्रात कॅल्सेडोनीला तोटा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्या रसातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाण्यात विरघळलेली सिलिका त्यांत साचत गेली. जळगाव, नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर या भागांत विहिरी, खडीच्या खाणी, रस्त्याचे बोगदे खोदताना अशा पोकळ्या फुटतात आणि त्यांतून अकीक, कॅल्सेडोनी, झिओलाइट निघतात. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात त्यांचे उत्तम नमुने पाहायला मिळतात. या धंद्यातल्या माणसाने एकदा जाऊन यावे.

पण दख्खनच्या या दगडात निसर्गतः येणारा हिरवा रंग बहुधा सेलॅडोनाइट नावाच्या खनिजाचा असतो. तो शेवाळी, मातकट, निळसर झाकीचा, कुठे दाट कुठे विरळ असतो. पोपटी-सफरचंदी असा झळाळता हिरवा तो देत नाही. क्रिसोप्रेजला लागणारे निकेल वेगळ्या जातीच्या, सर्पेंटाइनसारख्या खडकांच्या झिजेतून मिळते. म्हणून त्याच्या खाणी ऑस्ट्रेलियात, पोलंडमधील सायलेशियात अशा ठिकाणी आहेत. झिम्बाब्वेत क्रोमियमने हिरवा झालेला कॅल्सेडोनीही सापडला आहे, पण तो आपल्या बाजारात क्वचितच दिसतो.

आता कामठ्याकडे या. नागपूरच्या सीताबर्डीची टेकडी दख्खनच्या काळ्या पाषाणाची आहे, पण तेथून पूर्वेला हा पाषाण संपत जातो. गोंदियाकडचा खडक कितीतरी जुना. भूशास्त्रज्ञांनी तर त्या जुन्या नीस खडकांना आमगावचेच नाव दिले आहे. त्या खडकांत हिरव्या कॅल्सेडोनीच्या पोकळ्या शोधण्यात अर्थ नाही. वैनगंगा मात्र सिवनीच्या पठारावरून येते आणि तिकडे काळा पाषाण आहे, तेव्हा तिच्या वाळूगोट्यांत अकिकाचा एखादा खडा मिळणे अशक्य नाही. मिळाला तर तो पांढरा, करडा, फार तर लालसर असेल.

हे सांगण्याचे कारण असे की, चाचांच्या खिशात आणखी एक दगड होता. गावच्या नाल्यात सापडलेला, मुठीएवढा, हिरवागार, उन्हात चमचमणारा. पुडीतल्या नगांपेक्षा त्यांची भिस्त याच्यावर जास्त होती. भिंगातून पाहताच त्यात अभ्रकाचे बारीक हिरवे पापुद्रे दिसले. हा फुकसाइट, म्हणजे क्रोमियममुळे हिरवा झालेला अभ्रक. आणि तो ज्यात मिसळला आहे तो क्वार्ट्झाइट. भंडारा-गोंदियाच्या जुन्या खडकांत असा हिरवा क्वार्ट्झाइट आढळतो. दाणेदार असल्याने त्याला झिलई नीट चढत नाही. शोभेची वस्तू किंवा मोठे मणी करता येतील, पण अंगठीचा नग म्हणून किंमत नाही. चाचा काही बोलले नाहीत. दगड परत खिशात गेला.

रंगवण्याची विद्या

कॅल्सेडोनीच्या अंगात अतिसूक्ष्म छिद्रे असतात, त्यामुळे तो रंग पितो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या इडार-ओबरस्टाइन गावाने ही विद्या पक्की केली आणि आज ती सगळीकडे चालते. साधा करडा कॅल्सेडोनी क्रोमियमच्या क्षारांच्या द्रावणात दिवसच्या दिवस भिजवतात आणि मग तापवतात. क्षार आतच घट्ट बसतो आणि दगड पाचूसारखा हिरवा होतो. निकेलचे क्षार वापरले तर सफरचंदी झाक येते. हा रंग पाण्याने, साबणाने, स्पिरिटने जात नाही आणि उन्हातही सहसा टिकतो. स्वस्तातले काम सेंद्रिय रंगात करतात, तो मात्र पुसला जातो आणि फिकाही पडतो.

रंगवणे हा गुन्हा नव्हे. खंभातचे कारागीर कित्येक शतके अकीक भट्टीत भाजून लाल करत आले आहेत. नर्मदेकाठच्या भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींचा माल, तिथली बाबा घोर यांची दर्गाह आणि खंभातची घासणी हे सगळे एकाच व्यवसायाचे धागे. 'खंभातचा अकीक' या नावाला आज भौगोलिक मानांकनही आहे. भाजलेला अकीक भाजलेला म्हणून सर्वांना ठाऊक असतो, म्हणून तिथे फसवणूक होत नाही. हिरव्याचे तसे नाही. रंगवलेला हिरवा नैसर्गिक म्हणून खपतो, आणि खटका तिथेच आहे.

घरच्या तराजूवर

पहिली तपासणी डोळ्याची. नग पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावा, नंतर खालून मोबाइलची बॅटरी लावावी. हिरव्याच्या आत बारीक समांतर किंवा वळणदार पट्टे दिसले, त्यातले काही गडद आणि काही जवळजवळ पांढरे राहिलेले असले, तर तो रंगवलेला अकीक होय. घट्ट पट्टे रंग पीत नाहीत. मग दहापट भिंग, म्हणजे सराफ्यातला आयग्लास, घ्यावा. बारीक तडीत रंग साचून गडद रेघ दिसली तर तोच निष्कर्ष. गोल बुडबुडे आणि सरबतासारख्या लहरी दिसल्या तर काच. फुटक्या कडेचीही मदत होते. कॅल्सेडोनीची फूट मेणचट, मंद असते. काचेची फूट लखलखीत.

चाचांच्या अठरांपैकी दोन नग इथेच गळाले. काच. त्यांच्या कडा घासून बोथट झाल्या होत्या आणि आत बुडबुडे होते.

अंगठीत बसलेला खडा असेल तर त्याची पाठ उघडी आहे का, ते आधी पाहावे. बंद कोंदणात खड्याखाली हिरवी डांक लावलेली असू शकते. मग दिसणारा रंग खड्याचा की पत्र्याचा, हे नग काढल्याखेरीज सांगता येत नाही. अशा अंगठीचा भाव करूच नये.

दुसरी तपासणी पाण्यातल्या वजनाची. ही काही आजची युक्ती नाही. अल्-बिरूनी यांनी अकराव्या शतकात रत्ने आणि धातू पाण्यात बुडवून, बाहेर पडलेल्या पाण्याच्या वजनावरून त्यांची घनता काढली होती आणि जवाहिरांवर स्वतंत्र ग्रंथही लिहिला होता. पुढे अल्-खाझिनी यांनी पाण्यात तोलण्याच्या तराजूवर मोठा ग्रंथ रचला. आपल्याला आज इलेक्ट्रॉनिक काट्यामुळे ते सोपे झाले आहे.

रीत अशी. आधी नग कोरडा तोलावा. मग प्लॅस्टिकची छोटी वाटी थोडे पाणी घालून काट्यावर ठेवावी आणि काटा शून्यावर आणावा. नग केसासारख्या बारीक धाग्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असा हाताने धरावा. अंगावर बुडबुडा चिकटू देऊ नये. काट्यावर जो आकडा येईल ते नगाएवढ्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागावे, की घनता निघाली. चाचांचा एक नग ५.२० कॅरट भरला आणि पाण्यात आकडा आला २.००. म्हणजे घनता २.६०. कॅल्सेडोनीची घनता २.५८ ते २.६४ असते, तेव्हा जात बरोबर. त्याच वजनाचा पाचू असता तर आकडा १.९१ आला असता, कारण पाचूची घनता सुमारे २.७२. नेफ्राइट जेड, सुमारे २.९५, असता तर १.७६. जेडाइट, सुमारे ३.३४, असता तर १.५६. 'जेड' हे नाव या एका आकड्यात निकालात निघाले.

मात्र काटा चांगला हवा. ग्रॅमचे दोनच दशांश दाखवणाऱ्या काट्यावर एवढ्या लहान नगाचे उत्तर २.५४ ते २.६७ असे डळमळते. ग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारा काटा घ्यावा. सगळे नग एकदम बुडवून सरासरी काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. दोन काचेचे नग त्यात लपून जातात.

अ‍ॅव्हेंचुरिनची घनताही याच सुमारास, २.६४ ते २.६९ पडते. तो तराजूपेक्षा भिंगातल्या चमचमत्या पापुद्र्यांनी ओळखावा. पोलादी सुईने ओरखडून पाहण्याची सवय काहींना असते. कॅल्सेडोनीची कठीणता ६.५ ते ७, त्यामुळे सुई चालत नाही हे खरे, पण झिलईवर डाग राहिला तर ग्राहकाला काय सांगणार? करायचेच असेल तर पाठीच्या कडेवर करावे.

आणि हे ध्यानात ठेवावे की तराजू फक्त दगडाची जात सांगतो. रंगवलेला कॅल्सेडोनी आणि खरा क्रिसोप्रेज दोघेही २.६० च्या आसपासच येणार.

तिसरी तपासणी रंगाची. पांढऱ्या कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून नगाच्या पाठीवर घासावा. बोळा हिरवा झाला तर सेंद्रिय रंग आहे. बोळा पांढराच राहिला म्हणजे नग नैसर्गिक, असे मात्र नाही. क्रोमियमचा रंग निघतच नाही. त्यासाठी चेल्सी फिल्टर नावाची रंगीत काच मिळते. तिच्यातून पाहिले असता क्रोमियमने रंगवलेला नग लालसर किंवा गुलाबी दिसतो आणि क्रिसोप्रेज हिरवाच राहतो. येथे अनेकजण फसतात ते दिव्यामुळे. एलईडीच्या उजेडात गडद लाल किरण पुरेसे नसतात आणि फिल्टर खोटे उत्तर देतो. तारेचा जुना पिवळा दिवाच हवा. शिवाय निकेलने रंगवलेला नगही हिरवाच दिसतो. तेव्हा लाल दिसला तर रंगवलेला समजावा. हिरवा दिसला तर 'अजून ठाऊक नाही' एवढेच समजावे.

उरलेल्या सोळा नगांपैकी पंधरा फिल्टरमधून लालसर दिसले. बहुतेकांत पट्टेही होते. एक नग हिरवाच राहिला. ४.१० कॅरटचा, फिक्या सफरचंदी रंगाचा, पट्टे नसलेला, पाठीला तपकिरी मातीचा बारीक डाग. हा डाग चाचांना ऐब वाटला होता. आम्हाला तीच आशा वाटली, कारण मूळ खडकाचा अंश रंगवलेल्या नगात सहसा कोणी ठेवत नाही. तो मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायला सांगितले. तिथून क्रिसोप्रेज असे उत्तर आले.

भाव कसा बांधायचा

आधी वजनाची गोष्ट. पुडीवर १४० रत्ती लिहिले होते. चाचांनी ती पक्की रत्ती धरली. जवाहिराची पक्की रत्ती सुमारे ०.९१ कॅरट, म्हणजे १४० रत्तीचे १२७ कॅरट व्हायला हवेत. सोनारी रत्ती सुमारे १२१ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ०.६१ कॅरट, तिच्या हिशेबाने ८५ कॅरट. आमच्या काट्यावर अठरा नग ८०.६ कॅरट भरले, आणि अंगठीतला एकोणिसावा धरला की सोनारी रत्ती बरोबर जुळते. म्हणजे लिहिणारा खोटे बोलला नव्हता, पण कोणती रत्ती हे त्याने सांगितले नाही आणि चाचांनी विचारले नाही. आमचे सांगणे, रत्तीत सौदा करूच नये. कॅरट किंवा ग्रॅम लिहून घ्यावे.

रंगवलेल्या हिरव्या कॅल्सेडोनीचा ठोक भाव कॅरटमागे काही रुपयांपासून काही दहा रुपयांपर्यंत चालतो. तिथे दगडाला दुर्मिळतेची किंमत नसते. कच्चा माल अमाप आहे आणि रंग हवा तसा देता येतो. पैसे मिळतात ते घासणीचे, सारख्या आकाराच्या जोडीचे आणि स्वच्छतेचे. अशा नगाला फार भाव द्यायचा नाही आणि फार भाव सांगायचाही नाही. अंगठीत कमाई चांदीच्या कामावर करावी.

क्रिसोप्रेजचा भाव त्याच्या पुष्कळ वर असतो, चांगल्या नगाचा कॅरटमागे शेकड्यांत जातो. पण क्रिसोप्रेज म्हटले की तो भाव मिळाला, असे नाही. रंग मध्यम, दाट आणि सगळीकडे सारखा हवा. फार फिका किंवा काळपट असेल तर भाव निम्म्याच्याही खाली येतो. उजेडात धरल्यावर आतून उजळला पाहिजे. माती, तडे, पांढरे ढग नकोत. वरचा फुगीर घाट समतोल हवा. पुष्कळदा वजन राखण्यासाठी पाठ जाड ठेवतात आणि गिऱ्हाईक न दिसणाऱ्या दगडाचे पैसे मोजते. चाचांचा नग खरा निघाला, पण फिका आणि डागाचा. त्याला फार तर १,५०० रुपये येतील असे नागपूरच्या इतवारीत सांगण्यात आले. रंगवलेल्या पंधराही नगांचे मिळून हजाराच्या आत. हा विकायला गेल्यावरचा भाव. तेच नग घ्यायला गेलो असतो तर आकडा दुप्पट ऐकू आला असता, हे बाजारात वावरणाऱ्यांना ठाऊकच आहे.

म्हणजे ११,००० रुपयांच्या मजुरीपोटी अडीच हजारांचा माल.

प्रमाणपत्राविषयीही दोन शब्द. बाजारात खड्याबरोबर प्लॅस्टिकची छोटी कार्डे मिळतात आणि त्यावर 'नैसर्गिक' असे ठळक छापलेले असते. दगड नैसर्गिक आहे, हे खरेच असते! रंगाबद्दल त्या शब्दाने काहीच सांगितलेले नसते. प्रक्रिया किंवा शेरा अशी जी ओळ असते ती वाचावी. ती ओळच नसेल तर कार्डाला किंमत देऊ नये. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया १९७१ पासून आणि जयपुरात रत्नपरीक्षण प्रयोगशाळा १९७२ पासून काम करत आहे. पाच-दहा रुपये कॅरटच्या नगासाठी तेथील खर्च परवडत नाही हे उघड आहे. पण पुडीतला जो एखादा नग वेगळा वाटतो, त्याच्यासाठी तो खर्च करावा. नाल्यात सापडलेल्या दगडासाठी मात्र रत्नपरीक्षकाकडे जाण्याचे कारण नाही. भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय नागपुरातच आहे.

बसवणाऱ्या कारागिरांसाठी एक सूचना. क्रिसोप्रेज उष्णतेने आणि सततच्या कडक उन्हाने फिका पडतो, म्हणून झाळकाम आधी उरकून नग शेवटी बसवावा आणि तो काचेच्या कपाटात दिव्याखाली महिनोन्महिने ठेवू नये. आणि घरी घासणी करणाऱ्यांनी कोरडी घासणी करूच नये. खंभातच्या अकीक कामगारांमध्ये या धुळीने सिलिकोसिस होऊन किती घरे उद्ध्वस्त झाली, हे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या पाहण्यांतून पुढे आले आहे. चाकावर पाणी चालू ठेवावे आणि तरीही तोंडाला साधा रुमाल पुरेसा आहे असे समजू नये.

बिलावर काय लिहावे, हे चाचांनी विचारले. आम्ही सांगितले, 'हिरवा कॅल्सेडोनी, रंगवलेला', पुढे कॅरटमध्ये वजन. मालाचा ऐब लपवू नये, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. शिवाय खोटे वर्णन करून विकणे हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. रंगवलेला म्हटले तर गिऱ्हाईक पळेल, ही भीती चाचांनाही होती. परंतु हिरव्या खड्याची चांदीची अंगठी ज्याला हवी आहे, त्याला ती माफक दरात, रंग टिकेल अशी खात्री ऐकून मिळाली तर तो घेतोच, असा त्यांचा पुढचा अनुभव आहे. पंधरापैकी नऊ अंगठ्या ईदच्या आधीच गेल्या.

मजुरीच्या बाबतीत व्यापाऱ्याचे म्हणणे, "मी जेड म्हणालो होतो, हमी कुठे दिली?" बिल नव्हते, चिठ्ठी नव्हती, फक्त पुडीवरचा आकडा होता. प्रयोगशाळेचा कागद आणि पाण्यातल्या वजनाचे आकडे समोर ठेवल्यावर काही रक्कम हप्त्याने देण्याचे त्याने कबूल केले. दोन हप्ते आले आहेत.

शिक्षकांकडे चाचा स्वतः गेले. चांदी आणि घडणावळ धरून २,००० रुपये परत केले आणि नग बदलून देण्याची तयारी दाखवली. शिक्षकांनी पैसे घेतले, अंगठी मात्र तीच ठेवली. नाल्यातला तो हिरवा दगड चाचांच्या दुकानात बिलांच्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेला आहे. येणारे लोक हात लावून पाहतात आणि भाव विचारतात.